प्रॉडक्ट मॅनेजर निवडायचा कसा? (अकरा मुलाखती, एक फसलेली नेमणूक)

कुंपणावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. लांबलाय, आगाऊ क्षमस्व.

मी मूळचा डेव्हलपर, आता बावीस जणांची इंजिनिअरिंग टीम बघतो. आमचं सॉफ्टवेअर गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवतं. आजवर काय बनवायचं हे संस्थापकच ठरवायचे, पण ग्राहक वाढले, त्यांना वेळ पुरेना, म्हणून प्रॉडक्ट मॅनेजर (पीएम) घ्यायचं ठरलं आणि मुलाखतींचं लोढणं माझ्या गळ्यात आलं.

पाच महिन्यांत अकरा मुलाखती घेतल्या. अडचण अशी की सगळे सारखंच बोलतात. ‘तुमचं आवडतं अ‍ॅप कोणतं, त्यात काय सुधाराल’ असं विचारलं की समोरचा दोन सेकंद थांबतो (तेही ठरवून), मग म्हणतो ‘आधी एक-दोन क्लॅरिफाइंग प्रश्न विचारतो’, मग यूजरचे तीन गट, मग प्रत्येक गटाचे त्रास, मग तीन उपाय, मग इम्पॅक्ट आणि एफर्टची चार खणांची चौकट, आणि शेवटी यश मोजायचं मेट्रिक. अकरापैकी नऊ जणांनी हेच केलं. एकीने तर आधी बोर्डवर चौकट आखून घेतली आणि मग विचारलं की प्रॉडक्ट कुठलं घेऊ.

त्यातला सगळ्यात सफाईदार बोलणारा आम्ही घेतला. चार महिन्यांत परस्परसंमतीने निरोप दिला. माणूस वाईट नव्हता हो. पण जो कोणी येऊन जे मागेल ते तो शीटमध्ये टाकायचा. शेवटी शीटमध्ये १४० ओळी झाल्या आणि त्यातल्या ११२ पुढे ‘हाय’. माझी पोरं विचारायची आज कशावर काम करू, तर उत्तर यायचं ‘सगळंच महत्त्वाचं आहे, अलाइन होऊन सांगतो’.

तर प्रश्न असा: माणसाला बोलता येतं हे मुलाखतीत कळतं. ठरवता येतं का, हे कसं ओळखायचं?

दोन_ओळी

आधी हे सांगा, तुमचे संस्थापक ‘नाही’ ऐकून घेतात का?
बाकीचं नंतर.

शेवटचा_बाक

मला एका ठिकाणी विचारलं होतं की विमानात किती टेनिस बॉल मावतील. मी विचारलं, विमान नंतर उडवायचं आहे का? पॅनल हसलं. रिजेक्टचा मेल मात्र संध्याकाळच्या आत आला.

निळीशाई

नऊ वर्षं पीएम आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते.

धागाकर्ते, उमेदवार पोपट झालेत हे खरं, पण पिंजरा कोणी आणला? आवडत्या अ‍ॅपचा प्रश्न तुम्ही विचारता म्हणून आम्ही त्याची घोकंपट्टी करतो. लोक महिना-दीड महिना रोज रात्री एकमेकांच्या मॉक मुलाखती घेतात, घड्याळ लावून. मीही घेतल्यात. दोन सेकंदांचा तो पॉज सुद्धा शिकवला जातो, तुम्ही बरोबर ओळखलंत.

माझी आजवरची सगळ्यात अवघड मुलाखत एकाच प्रश्नाची होती. बाई म्हणाल्या, तुम्ही बंद केलेलं किंवा न बनवलेलं एक फीचर सांगा. मी सांगितलं. मग पाऊण तास तेच. कोण विरोधात होतं? त्याचं म्हणणं काय होतं, त्याच्याच शब्दांत सांगा. तुमच्याकडे त्या दिवशी कुठला आकडा होता? आकडा नसता तर काय केलं असतं? ते फीचर वापरणारे जे थोडे लोक होते त्यांना कोणी कळवलं, मेलमध्ये काय लिहिलं? इथे मी अडखळले, कारण तो मेल मी लिहिलाच नव्हता, ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सपोर्टवर ढकलला होता. ते मी कबूल केलं. नोकरी मिळाली, आणि नंतर त्या म्हणाल्या की तू ते कबूल केलंस तिथेच माझं ठरलं होतं.

स्वतः जगलेली गोष्ट असेल तर माणूस चौथ्या-पाचव्या ‘मग?’ला पण तपशील देतो, उसनी असेल तर तिसऱ्यालाच ‘स्टेकहोल्डर्स’ आणि ‘अलाइनमेंट’ सुरू होतं.

खडूस_काकू

निळीशाई +१.

मी टेस्टिंगमध्ये आयुष्य काढलं, पीएम खूप पाहिले. माझी साधी युक्ती सांगते, कर्मणी प्रयोग मोजा. ‘ठरवण्यात आलं’, ‘असं समोर आलं’, ‘फीचर मागे घेण्यात आलं’. कर्ता कुठंय? कोणी घेतलं मागे? मी कागदावर रेघा मारत बसते. दहाच्या वर गेल्या की माझं उत्तर ‘नको’.

आणि पॅनलवर सपोर्टचं एक माणूस बसवा. मोठ्या साहेबांशी सगळे गोड बोलतात. एकदा आमच्याकडे एका उमेदवाराने सपोर्टच्या मुलीला ‘तुम्हाला हे टेक्निकल कळणार नाही, मी सोपं करून सांगतो’ असं म्हटलं. प्रॉडक्टमधल्या निम्म्या चुका त्या मुलीने शोधल्या होत्या.

शेवटचा_बाक

काकू, वरच्या प्रतिसादात निळीशाईंचं ‘शिकवला जातो’ आहे. एक रेघ मारा. (दिवा घ्या, गंमत करतोय)

खडूस_काकू

मारली.

आकडेमोड

थोडं संशोधनातलं टाकतो, कारण ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ असं कोणीतरी म्हणेलच.

श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. मुलाखतीतले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा संबंध ठरीव साच्याच्या मुलाखतीत ०.५१ आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत ०.३८ आला. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जुन्या हिशेबात आकडे वर नेणाऱ्या दुरुस्त्या जरा जास्तच उदार होत्या. नवीन आकडे ०.४२ आणि ०.१९. म्हणजे दोन्ही घसरले, पण गप्पा जास्त घसरल्या, आणि साच्याची मुलाखत यादीत सगळ्यात वर गेली.

साचा म्हणजे काही फार नाही: सगळ्यांना तेच प्रश्न, गुण कशाला द्यायचे ते आधी लिहून ठेवायचं, आणि प्रत्येकाने आपले गुण दुसऱ्याशी बोलायच्या आधी नोंदवायचे. शेवटचं कोणीच करत नाही. बैठकीत पहिला बोलणारा सीईओ असेल तर पुढच्या तिघांचं मत आपोआप तयार होतं.

टेनिस बॉलबद्दल: गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगितलं की असली कोडी निव्वळ वेळेचा अपव्यय आहेत, त्यातून कामाबद्दल काही कळत नाही, फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

टंकनिका

०.४२ म्हणजे ४२ टक्के वेळा बरोबर का? मग नाणं उडवलेलं काय वाईट?

आकडेमोड

नाही, तो सहसंबंध आहे, टक्केवारी नव्हे. त्याचा वर्ग केला तर साधारण ०.१८. म्हणजे पुढे कोण कसं काम करेल यातला जो फरक असतो त्यातला १८ टक्के भाग मुलाखतीतून पकडता येतो, उरलेला नाही. तरी नाण्यापेक्षा खूप बरं, कारण नाण्याचा शून्य.

रेघोट्या

१८ टक्क्यांसाठी सात राउंड!! मी डिझायनर आहे पण तोच अनुभव.

आकडेमोड

गूगलनेच स्वतःचा डेटा तपासून मुलाखती चारवर आणल्या. चारमध्ये ८६ टक्के खात्री येते, पुढच्या प्रत्येक मुलाखतीने एक टक्का पण वाढत नाही असं त्यांना दिसलं. अर्थात इथे खात्री म्हणजे कंपनीचा घ्यायचा की नाही हा निर्णय बदलत नाही एवढंच, माणूस पुढे चांगला निघेल याची हमी त्यात नाही.

मी_पामर

मला अजून पीएम म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रोग्राम मॅनेजर यातला फरक कळत नाही. आमच्याकडे तिघेही ‘कधी होईल’ हेच विचारतात.

जुनाजाणता

पामर, तुमचा दोष नाही. मायक्रोसॉफ्टने याच कामाला वर्षानुवर्षं प्रोग्राम मॅनेजर म्हटलं, त्यामुळे गोंधळ जुनाच आहे. ढोबळ सांगायचं तर प्रोजेक्टवाला ‘कधी’ बघतो, प्रॉडक्टवाला ‘काय आणि कशाला’.

विषय निघालाच आहे तर एक गंमत. या पदाचं मूळ बहुतेक जण ज्या कागदापर्यंत नेतात तो १३ मे १९३१ चा, प्रॉक्टर अँड गॅम्बलमधला. नील मॅकएलरॉय तेव्हा कॅमे साबणाची जाहिरात बघायचे आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कोणी लक्ष देत नव्हतं. त्यांनी वरिष्ठांना लिहिलं की प्रत्येक ब्रँडला त्याची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस हवा. त्याने माल कुठे जास्त जातो, कुठे कमी जातो ते आकडे बघावेत, जिथे कमी तिथे स्वतः जाऊन विक्रेत्यांशी बोलावं, कारण शोधावं आणि मग उपाय सुचवावा. हेच मॅकएलरॉय १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

गंमत अशी की तो कागद मुळात टीममध्ये आणखी दोन माणसं भरायची परवानगी मागण्यासाठी होता! म्हणजे पदाचा जन्मच भरतीच्या अर्जातून. आणि त्यात फ्रेमवर्क वगैरे नाही, आधी खेप कुठे कमी जाते ते बघ आणि तिथे जा, इतकंच.

निळीशाई

जुनाजाणता, मस्त. हे ‘तिथे जा’ कुठे गेलं कोण जाणे. आताचे कित्येक पीएम सहा महिन्यांत एकाही ग्राहकाशी बोलत नाहीत, डॅशबोर्ड बघतात.

कुंपणावरचा

सगळ्यांचे आभार, टिपणं काढतोय. बंद केलेल्या फीचरचा प्रश्न उचलला. कर्मणी प्रयोग पण.

पण मला अजून वाटतं की घरी करायची असाइनमेंट द्यावी. शांतपणे विचार करून माणूस काय करतो ते दिसतं. आमच्या प्रॉडक्टचा पुढच्या सहा महिन्यांचा रोडमॅप मागायचा, दहा स्लाइड.

रेघोट्या

असाइनमेंट शब्द वाचला आणि डोकं सटकलं. माझ्या नवऱ्याला (तो पीएम आहे) एका कंपनीने नेमकं हेच दिलं होतं. ‘आमच्या अ‍ॅपवर नवीन यूजर टिकत नाहीत, काय कराल’. दोन शनिवार-रविवार घालून त्याने स्क्रीनच्या कच्च्या आकृत्या पण काढल्या (खरं तर मीच काढल्या). रिजेक्ट. कारण विचारलं तर उत्तर नाही. तीन महिन्यांनी त्या अ‍ॅपमध्ये पहिल्या दिवसाची ती चेकलिस्ट आली, आमच्याच क्रमाने, मी मधे घातलेली ‘हे नंतर करतो’ची पायरी सुद्धा. आता ती त्यांना स्वतःला सुचली नसेलच असं सिद्ध करता येत नाही. पण राग येतो.

द्यायचीच तर दुसऱ्याच कुठल्यातरी प्रॉडक्टवर द्या, तीन तासांपेक्षा जास्त नको, आणि लागलेल्या वेळेचे पैसे द्या.

मी_पामर

आणि आता तर दहा स्लाइड चॅटजीपीटी दहा मिनिटांत देतं. तुम्ही उमेदवाराची नाही, त्याच्या सबस्क्रिप्शनची परीक्षा घ्याल.

कुंपणावरचा

हा मुद्दा पटला. पैसे द्यायचा पण. मग समोर बसवून काम द्यायचं का?

खडूस_काकू

हो. आणि खरं काम द्या, कचरा द्या. तुमच्या सपोर्टची चाळीस-पन्नास जुनी तिकिटं (म्हणजे तक्रारींच्या नोंदी), ग्राहकाची नावं खोडून. म्हणा, एक तास आहे, काहीही विचार, शेवटी सांग पुढच्या दोन आठवड्यांत टीमने काय करायचं आणि काय करायचं नाही. ‘काय नाही’ची यादी कारणासकट हवी.

शेवटचा_बाक

माझं विरोधी मत. तासाभरात तिकिटं चाळून निर्णय घेणारा माणूस मला नकोच आहे. मला तो हवाय जो म्हणेल ‘एका तासात हे ठरवणं मूर्खपणा आहे, मला आधी तीन ग्राहकांना फोन करू द्या’. तुमच्या परीक्षेत तो नापास होणार. झटपट बोलणारे पुन्हा पास. धागाकर्त्यांना जो अनुभव आला तोच परत, फक्त कागद बदलला.

निळीशाई

बाकवाले, अर्धं पटतंय. म्हणूनच ‘काहीही विचार’ महत्त्वाचं. फोन करायचाय म्हणाला तर सपोर्टचा माणूस खोलीत आहे ना, त्याला ग्राहक समजून विचारू दे. फक्त ‘अजून माहिती हवी’ एवढ्यावर थांबला तर मात्र नाही, कारण नोकरीत पण माहिती कधीच पूर्ण मिळत नाही. काय कळलं तर तुझं मत बदलेल, हे तरी सांगता यायला हवं.

टंकनिका

डोमेनचं काय? गोदामातला अनुभव असलेलाच घ्यावा का? आणि कोडिंग यायला हवं का?

जुनाजाणता

कोडिंग येणं म्हणजे बरं, सक्ती नको. गूगलमध्ये मरिसा मायर यांनी २००२ मध्ये कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरांना घेऊन पीएम घडवायचा कार्यक्रम सुरू केला होता, कारण बाहेरून अनुभवी माणसं आणून त्यांचं जमेना. पण तिथे शिकवणारे आजूबाजूला होते. धागाकर्त्यांकडे पहिलाच पीएम आहे, त्याला शिकवणार कोण? इथे कच्चा माणूस घेऊ नका.

डोमेनबद्दल माझा अनुभव उलटा आहे, वीस वर्षं त्याच धंद्यातला माणूस घेतला तर तो ग्राहकाला विचारतच नाही, मला माहीत आहे म्हणतो.

निळीशाई

>> वीस वर्षं त्याच धंद्यातला माणूस घेतला तर तो ग्राहकाला विचारतच नाही

असहमत. औषधं, विमा, हिशेब अशा ठिकाणी नियम माहीत नसलेला पीएम सहा महिने टीमला खड्ड्यात घालतो. गोदाम कदाचित शिकता येईल.

दोन_ओळी

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.
त्या ११२ ‘हाय’ कोणाच्या होत्या?

कुंपणावरचा

...

काल रात्री ती जुनी शीट उघडून बसलो. कोणी मागितलं हा रकाना त्याने प्रामाणिकपणे भरला होता, मीच कधी वाचला नव्हता. ११२ पैकी ६७ पुढे संस्थापकांचं नाव. बऱ्याच नोंदींच्या वेळा रात्री अकराच्या पुढच्या, म्हणजे मेसेज आला की त्याने टाकलं. आणि एका जुन्या टॅबमध्ये त्याने दुसऱ्याच आठवड्यात केलेली यादी सापडली. फक्त नऊ कामं, क्रमाने, पुढे कारणं. खाली संस्थापकांची कॉमेंट, ‘हे सगळं ठीक, पण बाकीचं पण लागेलच’. त्यानंतर त्याने क्रम लावायचं सोडून दिलेलं दिसतंय.

मला वाटत होतं माणूस निवडायला चुकलो.

खडूस_काकू

अरेरे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

शेवटचा_बाक

धाग्याचं शीर्षक बदला, ‘संस्थापकाची मुलाखत कशी घ्यावी’.

रेघोट्या

विनोद सोडा, खरंच घ्या. आम्ही कंपनी निवडताना हेच विचारतो, शेवटचा ‘नाही’ तुम्ही कधी आणि कोणाचा ऐकलात. टाळाटाळ झाली की समजायचं.

आकडेमोड

जाहिरात परत टाकण्याआधी एक पान लिहून घ्या: कुठले निर्णय पीएम एकटा घेणार, कुठले विचारून, कुठल्यात त्याचा संबंध नाही. संस्थापकांकडूनच लिहून घ्या, तुम्ही लिहू नका. गुण कशाला द्यायचे हे पण त्या पानावरूनच ठरेल. आत्ता तुम्ही निर्णयक्षमता शोधताय, पण निर्णय कुठला ते ठरलेलंच नाही.

कुंपणावरचा

धागा वर काढतोय. महिना झाला, काय झालं ते सांगायला हवं.

ते एक पान लिहून घ्यायला अकरा दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ‘पीएम एकटा घेणार’ या खाली एकच ओळ होती, ‘बटणांचे रंग’. (रेघोट्या, चिडू नका, नंतर तेही डिझायनरकडे गेलं.) बरीच वादावादी होऊन शेवटी दोन आठवड्यांच्या कामाचा क्रम पीएमचा, किंमत आणि मोठ्या ग्राहकांचे करार संस्थापकांचे, असं ठरलं.

मग चौघांना तिकिटांचा तास दिला. सपोर्टची मुलगी पॅनलवर, संस्थापक कोपऱ्यात, बोलायचं नाही या अटीवर. तिघांचं सविस्तर लिहीत नाही. एकाने पंचेचाळीस मिनिटं तिकिटांना रंग दिले.

चौथ्या बाईंनी पंधरा मिनिटं काहीच केलं नाही, नुसतं वाचलं. मग एका तिकिटावर बोट ठेवून सपोर्टला विचारलं, हे तीन वेळा बंद करून तीन वेळा परत का उघडलंय? मुलगी म्हणाली, ग्राहकाचा साठा मोजणीनंतर जुळत नाही, आम्ही हाताने दुरुस्त करून देतो, पुढच्या महिन्यात परत तेच. बाईंनी विचारलं, असे किती? मुलगी म्हणाली, या गठ्ठ्यात सहा, पण वेगवेगळ्या नावांनी नोंदलेत. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. पुढचा सगळा वेळ त्या सहांवरच गेला. ‘काय नाही’च्या यादीत त्यांनी सगळ्यात वर मोबाइल अ‍ॅपचं नवं रूप टाकलं, कारण दिलं की आत आकडा चुकीचा असेल तर तो सुंदर दिसून उपयोग काय.

मोबाइल अ‍ॅप हे संस्थापकांचं लाडकं. अट मोडून ते बोललेच. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, अ‍ॅप नाही म्हणून गेलेला एक ग्राहक सांगा. सांगता आला नाही. खोलीत एसीचा आवाज ऐकू येत होता.

गुण सगळ्यांनी आपापले आधी लिहिले (आकडेमोड, धन्यवाद). संस्थापकांनी बाईंना सगळ्यात कमी दिले होते. दोन दिवसांनी स्वतःहून आले आणि म्हणाले, ती सहा तिकिटं मी बघितली, ऑफर पाठव.

निळीशाई

वा! घेतली का त्यांनी?

कुंपणावरचा

अजून नाही. त्यांनी एकच मागणी केली आहे. आधीच्या पीएमशी अर्धा तास बोलायचंय, आमच्यापैकी कोणी हजर नसताना. संस्थापक हो म्हणालेत. पण त्याला निरोप दिला तेव्हा शेवटच्या बैठकीत ‘तुला ठरवता येत नाही’ हे वाक्य मीच बोललो होतो. आता त्याला फोन कोणी करायचा हा प्रश्न आहे. एचआरला सांगू का?

दोन_ओळी

तुम्हीच करा.
आणि शीट बघितली हे आधी सांगा, काम नंतर.